फंक्शन एकच आहे, एवढं पुरत नाही

बटणाच्या क्लिकमधून ‘साठवा’चं फंक्शन बोलवा, मेनूच्या क्लिकमधूनही तेच बोलवा. काम एकाच जागी लिहिलं गेलं. मग त्यावर ‘कमांड’ नावाची आणखी एक वस्तू कशाला हवी? पुण्यात डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या जुन्या, जाणत्या लोकांकडून हा सवाल वरचेवर ऐकू येतो. ही माणसं कच्ची नाहीत. कारखान्यांतलं मोजमाप, पतसंस्थांचे काउंटर, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट, औषध दुकानांची बिलं यांचे प्रोग्राम त्यांनी वर्षानुवर्षं चालते ठेवले आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. एकच काम दोन हँडलरांत दोनदा लिहू नये, हा नियम ते पाळतात. माझं म्हणणं असं, की तो नियम त्यांनी अर्ध्यावर सोडला आहे. त्यांनी काम एकत्र आणलं आणि कामाविषयीची माहिती मात्र चार ठिकाणी विखुरलेली ठेवली. डेस्कटॉप प्रोग्रामातले सर्वांत चिवट दोष त्या विखुरलेल्या माहितीतून येतात.

पतसंस्थेचा काउंटर घेऊ. ‘व्हाउचर पास करा’ ही एक क्रिया. ती टूलबारवर बटण म्हणून आहे, ‘व्यवहार’ मेनूत आहे, यादीतल्या ओळीवर उजवं क्लिक केलं की दिसते, आणि एफ-९ दाबलं तरी होते. ती केव्हा करता यावी? यादीत व्हाउचर निवडलेलं असावं, ते आधी पास झालेलं नसावं, ज्याने नोंद केली त्यानेच ते पास करू नये, आणि त्या तारखेची दिवसअखेर झालेली नसावी. या अटींचा निकाल बदलण्याचे प्रसंगही निरनिराळे आहेत: निवड बदलली, व्हाउचर पास झालं, लॉगिन केलेला माणूस बदलला, दिवसअखेर झाली. फक्त फंक्शन सामायिक करणारा प्रोग्रामर या प्रत्येक प्रसंगाच्या हँडलरमध्ये बटण डिसेबल कर, मेनू डिसेबल कर, अशा ओळी लिहीत जातो. वर्षभराने संस्था सांगते, की प्रत्येक अधिकाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंतच पास करता आलं पाहिजे. नवी अट येते. ज्याच्याकडे हे काम येतं तो बहुधा मूळ लेखक नसतो. त्याला बटणाची ओळ सापडते, मेनूची सापडते. उजव्या क्लिकची सापडत नाही, कारण तो मेनू भलत्याच फाइलमध्ये बांधलेला असतो.

‘मग फंक्शनच्या आतच तपासा,’ असं उत्तर येतं. तपासावंच. डेटाबेसपाशीही तपासावं, कारण बटण करडं केल्याने सुरक्षा मिळत नाही. पण आत तपासलं म्हणून बाहेरचा प्रश्न सुटत नाही. काउंटरवरच्या माणसाला उजव्या क्लिकच्या मेनूत जिवंत दिसणारा पर्याय दाबल्यावर ‘परवानगी नाही’ अशी चौकट मिळते, आणि त्याच वेळी टूलबारवरचं तेच बटण करडं असतं. एकच प्रोग्राम एकाच क्षणी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देतो. समोर खातेदारांची रांग असताना त्या माणसाने यातलं कोणतं उत्तर खरं मानायचं? कमांडमध्ये दोन भाग असतात, ‘आता करता येईल का’ हे सांगणारा आणि प्रत्यक्ष करणारा. बटण, मेनू, उजवं क्लिक आणि किल्ली, सगळे पहिल्या भागाला विचारतात. दुसरा भागही काम सुरू करण्याआधी त्यालाच विचारतो. रकमेच्या मर्यादेची नवी अट त्या एका ठिकाणी लिहिली की पाचही जागी लागू होते. ज्या वस्तूला हे लोक ‘आणखी एक’ म्हणतात ती म्हणजे ही एक जागा.

शॉर्टकटची गोष्ट तर अधिक वाईट आहे. मेनू उघडायच्या क्षणी त्यातले पर्याय चालू-बंद करायचे, ही मायक्रोसॉफ्टच्या विनफॉर्म्समध्ये फार रुळलेली पद्धत आहे. मेनू दिसणारच नसेल तर त्याची स्थिती कशाला ठेवायची, असा तिच्यामागचा विचार, आणि तो ऐकायला बरोबर वाटतो. पण एफ-९ दाबणारा माणूस मेनू उघडतच नाही. किल्ली दाबली जाते तेव्हा मेनूचा पर्याय मागच्या वेळी उघडला होता त्या अवस्थेत असतो. दिवसअखेर होऊन गेली तरी तो ‘चालू’ राहिलेला असू शकतो. उलटही होतं. मागच्या वेळी काही निवडलेलं नव्हतं म्हणून पर्याय बंद पडला, आता व्हाउचर निवडलेलं आहे, तरी किल्ली मुकी. वापरणारा तक्रार करतो, ‘एफ-९ कधी चालतं, कधी नाही.’ प्रोग्रामर त्याच्या मशीनवर करून पाहतो, पाहण्यासाठी आधी मेनू उघडतो, आणि मेनू उघडताच दोष नाहीसा होतो. अशा तक्रारी मग ‘कीबोर्ड खराब असेल’ म्हणून बंद केल्या जातात. दिवसभर किल्ल्यांवरच काम करणाऱ्या, म्हणजे सर्वांत सरावलेल्या माणसाला याचा सर्वाधिक त्रास होतो. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधाराने काम करणाऱ्या अंध कर्मचाऱ्याला तर माऊसची पळवाटही नसते.

कमांडहून सोपा उपाय म्हणून काही जण मेनूच्या हँडलरमधून बटणच ‘दाबतात’. विनफॉर्म्समध्ये त्यासाठी परफॉर्मक्लिक आहे. वरवर पाहता यात चालू-बंदचा प्रश्नही सुटतो, कारण बटण डिसेबल असेल तर मेनूही काही करणार नाही. पण परफॉर्मक्लिक आधी पाहतं, की ते बटण निवडण्याजोगं आहे का. म्हणजे ते स्वतः आणि त्याचे सगळे पालक-कंट्रोल दिसत आहेत का, चालू आहेत का. बटण दुसऱ्या टॅबवर असेल, ते पॅनेल मिटलेलं असेल, तर मेनूवर क्लिक करूनही काहीच घडत नाही. चूक दाखवली जात नाही, अपवाद फेकला जात नाही. जावाच्या स्विंगमध्ये डूक्लिक आहे. ते बटण दाबल्याचं दृश्य दाखवण्यासाठी ६८ मिलिसेकंद थांबतं, आणि ते थांबणं पडद्याच्या त्याच धाग्यावर होतं. शंभर व्हाउचरं एकामागून एक पास करणारा लूप डूक्लिकवर लिहिला तर जवळजवळ सात सेकंद पडदा निव्वळ बटण दाबल्याच्या नाटकात अडकतो. ही साधनं मुळात बटणासाठी आहेत. बटण हा कामाचा मालक नाही, तो कामाकडे जाणारा एक रस्ता आहे. मेनूला बटणावर अवलंबून ठेवलं की टूलबारची मांडणी बदलणाऱ्या माणसाच्या हातून मेनू मोडतो, आणि त्याला ते कळतही नाही.

ही सवय कुठून आली, हे सांगणं आवश्यक आहे, कारण दोष माणसांचा कमी आणि साधनांचा अधिक आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडचे पुष्कळ डेस्कटॉप प्रोग्रामर व्हिज्युअल बेसिकवर घडले. १९९८ च्या सहाव्या आवृत्तीत बटण फॉर्मवर ओढायचं, त्यावर दोनदा क्लिक करायचं आणि उघडलेल्या जागेत कोड लिहायचा. मेनू बांधायचा संपादक वेगळा, मेनूचा हँडलर वेगळा. दोहोंना जोडणारी कोणतीही वस्तू भाषेने हातात दिलीच नाही. म्हणून मेनूच्या हँडलरमधून बटणाचा हँडलर बोलवण्याची रीत पडली, आणि त्या चौकटीत ती शहाणपणाचीच होती. २००२ मध्ये विनफॉर्म्स आलं आणि तीच चौकट पुढे चालू राहिली. बटणाला आणि मेनूच्या पर्यायाला ‘कमांड’ नावाचा गुणधर्म मायक्रोसॉफ्टने विनफॉर्म्समध्ये दिला तो डॉटनेट ७ मध्ये, २०२२ साली, आणि तोही आधी चाचणीपुरता. मधल्या वीस वर्षांत जे लिहिलं गेलं ते त्या उणिवेसकट लिहिलं गेलं. पण साधनात उणीव होती म्हणून उणीव हीच पद्धत ठरत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमात ‘ॲडव्हान्स्ड जावा’मध्ये एडब्ल्यूटी, स्विंग आणि इव्हेंट हँडलिंग शिकवतात. पदवीच्या वर्गांतही पुष्कळांचा खिडक्या-बटणांशी पहिला परिचय जावातूनच होतो. प्रॅक्टिकलच्या फाइलीत जे रुजतं ते असं: सगळ्या बटणांना आणि मेनूंना एकच ॲक्शनलिसनर लावायचा, आणि आत गेटॲक्शनकमांडने मिळालेली अक्षरं एकामागून एक ताडून पाहायची, ‘सेव्ह’ असेल तर हे, ‘डिलीट’ असेल तर ते. इथे कमांड हा शब्द आहे, पण कमांड नाही. वेगळी दिली नसेल तर ती अक्षरं म्हणजे बटणावर छापलेला मजकूर असतो. हाच प्रोग्राम उद्या एखाद्या तालुक्याच्या संस्थेला मराठीत करून द्यायचा ठरला आणि बटणावर ‘साठवा’ आलं, की ताडणी चुकते आणि बटण दाबल्यावर काही होत नाही. कंपायलर तक्रार करत नाही. बटणावरचा मजकूर आणि बटणाचं काम यांना एका दोरीने बांधण्याची ही पद्धत मराठी वापरणाऱ्यासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या माणसाला नेमकी आडवी येते. तिच्या शेजारीच, त्याच स्विंगमध्ये, १९९८ पासून ॲक्शन नावाची वस्तू पडून आहे. तिच्यात नाव, आयकन, छोटं वर्णन, शॉर्टकट आणि चालू-बंद अवस्था असते. तीच वस्तू जेबटण आणि जेमेनूआयटम या दोघांना द्यायची. ॲक्शन बंद केली की दोघंही बंद होतात, कारण दोघं तिच्या बदलांवर कान ठेवून असतात. ‘खूण लावली आहे की नाही’ हेही २००६ च्या जावा ६ पासून तिच्यात ठेवता येतं. हे शिकवायला एक तास पुरतो. तो तास द्यायला हवा.

‘हे सगळं नव्या आर्किटेक्टांचं फॅड आहे,’ हा आक्षेप मात्र इतिहासाला धरून नाही. ॲपलच्या मॅकॲप या चौकटीत ऐंशीच्या दशकातच कमांड ही वस्तू होती, आणि ती केलेलं काम मागेही घेऊ शकत होती. मायक्रोसॉफ्टच्या एमएफसीमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच बटण आणि मेनू यांना एकच क्रमांक देण्याची सोय होती. त्या क्रमांकाचं काम एका ठिकाणी, आणि त्याच क्रमांकाचं ‘चालू, बंद, खूण’ ठरवणारं अद्ययावत फंक्शन दुसऱ्या एका ठिकाणी. टूलबारची अवस्था ती चौकट रिकाम्या वेळात स्वतःच विचारून घेई. एखाद्या क्रमांकाला हँडलरच सापडला नाही तर तो मेनू आपोआप करडा होई. १९९४ मध्ये आलेल्या डिझाइन पॅटर्न्सच्या प्रसिद्ध पुस्तकात कमांड पॅटर्नचं उदाहरणच मेनूचं आहे. डेल्फी ४ ने १९९८ मध्ये ॲक्शनलिस्ट दिली. क्यूटीमध्ये क्यूॲक्शन आहे, आणि सहाव्या आवृत्तीत तो विजेटांच्या मॉड्यूलमधून बाहेर काढला गेला, कारण तो स्वतः पडद्यावर दिसणारी वस्तू नाहीच. ज्यांनी निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या भाषांत, एकमेकांशी स्पर्धा करत खिडक्यांच्या चौकटी बांधल्या ते सगळे एकाच उत्तरापाशी पोहोचले. याला फॅड म्हणता येणार नाही.

मराठीचं एक उदाहरण इथे बोलकं आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या भारतीय भाषांतल्या स्थानिकीकरणाचं मोठं काम रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातून झालं.  लिब्रेऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअरही मराठीत वापरता येतं. त्यात प्रत्येक क्रियेला एक ओळख असते, साठवण्याला एक, ठळक करण्याला एक. मेनू, टूलबार आणि किल्ल्या हे तिन्ही त्या ओळखीकडेच बोट दाखवतात. क्रियेचं नाव त्या ओळखीपाशी नोंदलेलं असतं, मेनूत वेगळं आणि बटणाच्या टिपेत वेगळं असं लिहावं लागत नाही. भाषांतर करणाऱ्याने एकदा मराठी नाव दिलं की ते सर्वत्र तेच उमटतं. आणि अगदीच गरज असेल तर उजव्या क्लिकसाठी छोटं नाव वेगळं देण्याची सोयही त्याच नोंदीत आहे. याउलट ज्या प्रोग्रामात बटणाचा मजकूर एका फाइलीत, मेनूचा दुसरीत आणि टिपेचा कोडमध्येच असतो, त्याच्या मराठी आवृत्तीत एकच काम मेनूत ‘जतन करा’, बटणावर ‘साठवा’ आणि टिपेत इंग्रजी, अशा तीन नावांनी वावरतं. नवीन लागलेल्या कारकुनाला ती तीन वेगवेगळी कामं वाटतात. त्यात भाषांतरकाराचा दोष नाही. त्याच्यापुढे तीन सुट्या ओळी आल्या, आणि त्या एकाच क्रियेच्या आहेत हे त्याला कोणी सांगितलं नाही.

आता विरोधकांचा सर्वांत मजबूत मुद्दा. ते म्हणतात, उजव्या क्लिकमधलं ‘पास करा’ आणि टूलबारवरचं ‘पास करा’ हे एकच नाही. एक माऊसखालच्या ओळीवर चालतं, दुसरं निवडलेल्या ओळींवर. हे खरं आहे, आणि कमांडच्या नावाखाली हा फरक पुसून टाकणारे प्रोग्राम मी पाहिले आहेत. तिथे भलतंच व्हाउचर पास होण्याचा धोका असतो. पण या फरकाचं उत्तर दोन कमांड करणं हे नाही. काम तेच, अटी त्याच, बदलतं ते लक्ष्य. ते लक्ष्य कमांडला बाहेरून द्यावं, आणि ‘करता येईल का’ हा प्रश्नही त्याच लक्ष्याविषयी विचारावा. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ या चौकटीत कमांडपॅरामीटर त्याचसाठी आहे. ‘कॉपी’सारख्या कमांडचं लक्ष्य तर जिथे कर्सर आहे ते असतं. मॅकवर असा मेनू कुणा एका खिडकीला बांधलेला नसतो. ज्या कंट्रोलपाशी फोकस आहे तिथून साखळीने वर जात ‘हे काम कोण करील’ असं विचारलं जातं.

दुसरा मुद्दा फोकसचाच, आणि तो कमांडच्या बाजूच्या लोकांनीही नीट ऐकावा. डब्ल्यूपीएफमध्ये मजकुराच्या चौकटीतली किंमत सहसा फोकस गेल्यावर डेटाकडे पोहोचते. टूलबार आणि मेनू यांचं फोकसचं क्षेत्र मात्र वेगळं असतं. त्यामुळे रक्कम टाइप करून फॉर्मवरचं ‘साठवा’ दाबलं तर नवी रक्कम साठते, आणि टूलबारवरचं ‘साठवा’ दाबलं तर जुनीच साठते. शॉर्टकटचंही तसंच. फंक्शन तेच, हँडलर तेच, आणि खात्यात रक्कम वेगळी! नुसत्या सामायिक फंक्शनचा दावा इथे पुरता कोसळतो. कमांडही हा प्रश्न आपोआप सोडवत नाही, हे कबूल केलं पाहिजे. पण अर्धवट राहिलेलं संपादन आधी पुरं करून घ्यायची ओळ कुठे लिहायची, याचं उत्तर तिच्यामुळे एकच राहतं: कमांडच्या सुरुवातीला.

वेगाची तक्रारही ऐकली आहे. ‘कॅनएक्झिक्यूट सारखं बोलावलं जातं, पडदा अडखळतो.’ कॅनएक्झिक्यूट म्हणजे कमांडचा ‘करता येईल का’ हा भाग. डब्ल्यूपीएफ ते खरोखरच वारंवार विचारतं, किल्ली दाबली, फोकस हलला की लगेच. म्हणूनच त्यात डेटाबेसची क्वेरी लिहायची नसते. दिवसअखेर झाली की नाही हे एकदा वाचून स्मृतीत ठेवायचं, ते बदललं की कमांडला कळवायचं, आणि प्रश्नाचं उत्तर स्मृतीतून द्यायचं. तिथे क्वेरी लिहिणाऱ्याने सामायिक कमांडला दोष देऊ नये. आणि प्रत्येक कमांडला स्वतंत्र क्लास, स्वतंत्र फाइल, असा जो पसारा काही जण घालतात त्याला माझाही विरोध आहे. दोन छोटी फंक्शनं घेणारा एक सामान्य कमांड-क्लास बहुतेक प्रोग्रामांना पुरतो. ज्या कामाला फक्त एकच बटण आहे, अट नाही, किल्ली नाही, तिथे साधा हँडलर लिहा.

डेस्कटॉप संपत चाललं आहे, आता हा वाद कशाला, असंही म्हणतात. पण जी मंडळी हे म्हणतात ती दिवसभर व्हीएस कोडमध्ये बसलेली असतात, आणि कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून उघडणारी कमांड पॅलेट वापरतात. ती पॅलेट शक्य झाली कारण तिथली प्रत्येक क्रिया ओळख, नाव आणि ‘केव्हा चालू’ ही अट घेऊन नोंदलेली आहे. नुसत्या हँडलरांच्या ढिगाऱ्यातून ती उभी करता आली नसती. ब्राउझरमधल्या प्रोग्रामातही बटण, मेनू आणि किल्ली आहेतच.

पंधरा वर्षांचा विनफॉर्म्सचा प्रोग्राम समोर असेल तर तो नव्याने लिहायची गरज नाही. एक छोटा क्लास करा: नाव, किल्ली, ‘करता येईल का’, ‘कर’, आणि त्याला जोडलेल्या बटणांची व मेनूंची यादी. ॲप्लिकेशन रिकामं झालं की विनफॉर्म्स ‘आयडल’ नावाचा इव्हेंट देतं. त्यात प्रत्येक कमांडला विचारून जोडलेले कंट्रोल चालू-बंद करा, एमएफसी करत असे तसंच. सगळ्या क्रिया एकदम हलवू नका. दिवसअखेरीशी आणि अधिकारांशी बांधलेल्या क्रिया आधी घ्या: व्हाउचर पास करणं, रद्द करणं, मागच्या तारखेची नोंद. त्यांच्या जुन्या हँडलरांतल्या डिसेबल-इनेबलच्या ओळी शोधून काढून टाका, कारण त्या राहिल्या तर नवी अट आणि जुनी ओळ एकमेकींशी भांडत राहतील. मेनू उघडताना अवस्था बदलणारा हँडलर त्या क्रियांपुरता पुसा. मग मेनू एकदाही न उघडता, फक्त किल्ल्यांवर, दिवसअखेरीच्या आधी आणि नंतर, नोंद करणाऱ्याच्या आणि पास करणाऱ्याच्या अशा दोन्ही लॉगिनने तो प्रोग्राम चालवून पाहा.